पुढचा ब्रेक

माझ्या बायकोच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक मी माझ्या हाताने ढिला केला होता. तिला न सांगता. आणि तिचा अपघात झाल्यावर, कुणी गाडी तपासायच्या आत, तो मी पुन्हा आवळून ठेवला. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं कुणालाही सांगितली नाही. दर उपवासकाळात मी चर्चमध्ये पापनिवेदनाला गुडघे टेकतो. फादरना राग सांगितला, मत्सर सांगितला, रविवारची मिस्सा चुकवल्याचं सांगितलं, एकदा शेजारच्या वाडीतून उचललेल्या नारळांचंही सांगितलं. हे नाही सांगितलं. नारळ सांगायला सोपे असतात.

आता सांगतोय तर नीट सांगतो.

होळी म्हणजे आमच्याकडचा बाजार, सण नव्हे; त्याच्या बाजूला आमची वाडी. केळी, पानवेली, थोडी फुलं. आमच्याकडच्या पुरुषांचा मोटरसायकलबद्दल एकच ठाम विश्वास होता: पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. लावलास की पालथा पडलास. मला गाडी शिकवली ती माझ्या काकांनी, मिठागराच्या बांधाशेजारच्या कच्च्या रस्त्यावर. ते मागे बसायचे, हातात शेवग्याची काठी. माझी बोटं उजव्या हाताच्या ब्रेकवर जरा टेकली की काठी बोटांवर. "काढ तिथनं हात! तोंडावर आपटायचंय काय? पाय कशाला दिलाय देवाने?" पाय म्हणजे मागचा ब्रेक. काकांना हे कुणी शिकवलं, तर त्यांच्या काकांनी. आणि त्या काकांच्या काळात कुणीतरी सायकलचा पुढचा ब्रेक दाबून बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पडला होता म्हणे. एक माणूस एकदा सायकलवरून पाण्यात पडतो आणि तीन पिढ्या अर्ध्या ब्रेकवर गाड्या चालवतात! एकानेही कधी विचारलं नाही की कंपनीने तो ब्रेक बसवलाय तरी कशाला. मीही नाही विचारलं. बँकेत नोकरी करणारा, पेपर वाचणारा, चारचौघांत शहाणा म्हणून मिरवणारा मी.

लायसन्स एजंटने हातात आणून दिलं. परीक्षा कशी असते ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेव्हा मात्र कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फादरनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं, आईने हँडलला रोझरी बांधली, पेढे वाटले. सगळं रीतसर झालं. फक्त गाडी थांबवायची कशी हे मला येत नव्हतं.

बायको शिक्षिका. तिची शाळा कळंबच्या बाजूला. दोन रिक्षा बदलून आणि मग चालत जायची. मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हा तिने स्कूटर घ्यायची ठरवली, बिनगिअरची. त्या गाडीला दोन्ही ब्रेक हातात असतात, डावा मागच्या चाकाचा, उजवा पुढच्या. मी तिला घरासमोरच्या रस्त्यावर शिकवायला लागलो. आणि ती पहिल्या दिवसापासून दोन्ही ब्रेक एकदम दाबायची. कुणी न शिकवता. तिचे हात बरोबर होते. हे वाक्य मला त्या वेळी म्हणता आलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

मी ओरडायचो. "उजवा सोड! उजवा सोड म्हणतो ना!"

"मग हा दिलाय कशाला?"

"शोभेला."

"शोभेला आरसा आहे की. तोही तू कधी बघत नाहीस."

कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती खो खो हसली. "मास्तरीण आहे ती, तुला नापास करील!" मीही हसलो. पण आत काहीतरी खुपलं. पुढचे दोन-तीन दिवस तेच. मी सांगायचो, ती मान हलवायची आणि वळणावर पुन्हा दोन्ही हात आवळायची. गाडी गपकन जागेवर थांबायची. मला तर ते दिसत होतं ना, की गाडी थांबतेय! मला दिसत होतं आणि तरी मी म्हणत होतो की ती चुकतेय.

मग एका दुपारी, ती शाळेत असताना, मी पान्याने पुढच्या चाकाजवळचा ब्रेकचा नट सैल केला. पुष्कळ सैल. उजवा दांडा मुठीला टेकेपर्यंत दाबला तरी चाकाला काही कळणार नाही इतका. संध्याकाळी तिने गाडी घेतली, नेहमीसारखे दोन्ही ब्रेक दाबले, गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. "आज नीट थांबवलीस," मी म्हणालो. नवी होती, दांडा हलका लागतोय हे तिला कळलं नाही. ती खूश झाली.

लोक म्हणतील, काळजीपोटी केलंस. मीही स्वतःला हेच सांगत राहिलो. खोटं आहे. काळजी असती तर सांगून केलं असतं. शेजारणीच्या देखत ती मला उलट बोलली आणि तिचं बरोबर निघत होतं, म्हणून केलं. मला जिंकायचं होतं. पूर्ण वाढलेला पुरुष, बायकोशी जिंकायला पाना घेऊन स्कूटरखाली शिरतो! लिहितानाही हात शिवशिवतात, त्या माणसाच्या दोन थोबाडीत द्याव्यात म्हणून.

पुढे ती एकटी शाळेत जायला लागली. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला ठाऊक असतील तर ठाऊक असतील. दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं, वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि कुठल्या फाटकातून काय बाहेर येईल सांगता येत नाही. एका सकाळी एका फाटकातून आमच्याच गल्लीतली एक म्हातारी बाहेर आली, डोक्यावर केळीच्या पानांचा भारा. होळीच्या बाजारात ती पानं विकायची. भाऱ्यामुळे तिला रस्ता दिसला नाही. बायकोने दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक धरलं गेलं, कडेच्या वाळूवर घसरलं, गाडी आडवी होऊन म्हातारीच्या पायात गेली.

बायकोचा गुडघा फुटला. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं.

मी धावत पोचलो तेव्हा बायको रस्त्यात बसून होती आणि एकच वाक्य म्हणत होती. "मी दोन्ही दाबले. लागला नाही. मी दोन्ही दाबले होते." लोकांनी दोघींना रिक्षांत घातलं. मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे, मी गाडी बाजूला घेऊन येतो." रिक्षा वळल्या. मी गाडी उभी केली, खाली वाकलो आणि बोटांनीच नट फिरवायला लागलो. पाना नव्हता. बोटं सोलली. नट घट्ट झाला तेव्हा थांबलो. रस्त्यावर केळीची पानं पसरली होती, ती कुणीतरी गोळा करत होतं. त्याला वाटलं असेल मी गाडीचं नुकसान बघतोय.

दुपारी बायकोचा थोरला भाऊ आला. रांगडा माणूस, गाड्यांतलं कळणारा. त्याने माझ्यासमोर स्कूटर चालवून बघितली आणि हॉस्पिटलात येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "ब्रेक ठणठणीत आहेत. दोन्ही. बाई, तू घाबरलीस."

"मी दाबला होता, दादा."

"वाटतं तसं. घाबरलं की वाटतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "असू दे आता. झालं ते झालं."

किती मोठेपणा! बायकोच्या चुकीवर पांघरूण घालणारा समजूतदार नवरा. पोलिसात कुणी गेलं नाही, गावातच मिटलं. म्हातारीचा मुलगा मला म्हणाला, "तुमची मिसेस नवीन होती, होतं असं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला मी!

म्हातारी वॉकरवर आली. बाजार सुटला. माझी बायको मिस्सा झाली की तिच्याकडे जायची, कधी पेज, कधी मासळीचं कालवण घेऊन. म्हातारी चांगली होती, शिव्याही द्यायची आणि कालवणही खायची. "तुला डोळे नव्हते काय गं?" असं विचारायची, दर खेपेला, आणि माझी बायको दर खेपेला "चुकलं माझं" म्हणायची. म्हातारी वारली तोवर हे चाललं. मी कधी गेलो नाही. मी म्हणायचो, तुम्हा बायकांचं तुम्ही बघा.

स्कूटर विकली. बायको पुन्हा दोन रिक्षा बदलायला लागली. सण-समारंभात कुणी गाडीचा विषय काढला की तीच आधी स्वतःवर विनोद करायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला करावा लागू नये. आणि मी हसायचो.

आता अलीकडचं. मुलगी अठराची झाली आणि लायसन्ससाठी मोबाइलवर अर्ज भरायला बसली. माझंही काही बघत होती, एकदम ओरडली, "पप्पा, तुझं लायसन्स मेलंय!"

"मेलंय म्हणजे?"

"मुदत संपली. वर्षाच्या वर झालं. आता तुला पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागेल. माझ्याबरोबर. लाल एल लावून फीर आता गावभर."

मी म्हटलं, एजंट बघतो. ती म्हणाली, "एजंट केलास तर मी तुझ्या मागे कधी बसणार नाही." तिच्या आईसारखंच बोलते.

गोखिवऱ्यात कारखान्यांच्या गाळ्यांमागे एक मोकळं मैदान आहे, तिथे एक मुलगी दुचाकी शिकवते. असेल पंचविशीतली, आवाज असा की पलीकडच्या गाळ्यातली मशिनं गप्प व्हावीत. काकालोकांवर तिचा खास राग होता. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, ही उजवी बोटं पाहुणी आहेत का? ब्रेकवर बसायला लाजतायत ती."

"सवय नाही."

"कितने साल चलाया?"

मी सांगितलं.

"आणि अजून जिवंत? लकी आहात, काका."

आठाच्या आकड्यात गाडी फिरवताना मी दर वळणाला पाय टेकवायचो. "चाकाकडे नका बघू, जायचंय तिकडे बघा! भिंत बघाल तर भिंतीत जाल!" माझी मुलगी शेजारून झुपकन आठ काढून जायची आणि जाता जाता मला टाटा करायची. मला राग यायचा. सगळ्यांचा. त्या मुलीचा, माझ्या मुलीचा, उलट्या बाजूने येणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांचा, हेल्मेट कोपराला लटकवून फिरणाऱ्या माझ्याच वयाच्या गाढवांचा. काकांचा तर फारच. ते कधीच गेले, आणि त्यांची काठी मात्र अजून माझ्या बोटांवर.

एका शनिवारी बायको शाळेतून थेट मैदानावर आली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. त्या दिवशी अचानक थांबायचा धडा होता. शिकवणारीने चुन्याने रेघ मारली. आधी फक्त मागचा ब्रेक दाबून दाखवला: रेघेपासून गाडी फरफटत किती लांब गेली, चाक शेपटीसारखं हललं. मग दोन्ही, पुढचा जोर लावून पण न हिसकता, लिंबू पिळतात तसा. गाडी रेघेपुढे जेमतेम गेली आणि उभी. "थांबताना सगळं वजन पुढे येतं," ती म्हणाली. "म्हणून पुढचंच चाक जास्त धरतं. पुढचा सोडला म्हणजे अर्ध्याहून जास्त ब्रेक घरी ठेवून आलात."

बायको खुर्चीतून उठली. "एक विचारू का? दोन्ही दाबले आणि तरी थांबली नाही, असं होतं का?"

"होतं ना मॅडम. पुढची केबल ढिली असेल तर होणारच. तुमचं झालं होतं का? गाडी चेक केली होती?"

"केली होती. लगेच. ब्रेक चांगले होते."

शिकवणारीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मग मॅडम, तुमच्याकडून दाबला गेला नसेल. टेन्शनमध्ये वाटतं आपल्याला, दाबला म्हणून. खूप जणांचं होतं तसं."

"हां," बायको म्हणाली. "सगळे तेच म्हणतात." आणि पुन्हा बसली.

मी तिथे होतो, चार हातांवर, हेल्मेटची काच खाली. काच वर करायला किती वेळ लागतो? मी केली नाही. मी गाडी सुरू केली आणि रेघेकडे गेलो, आणि दोन्ही ब्रेक दाबले, आणि सुंदर थांबलो. "क्या बात है काका!" शिकवणारी ओरडली. बायकोने टाळ्या वाजवल्या.

परीक्षेत मुलगी पास झाली, मी पाय टेकवून नापास झालो, मग पुढच्या खेपेला मीही पास झालो. हे सगळं होईपर्यंत मी गप्पच. मुलीचं लायसन्स आलं आणि तिने माझी गाडी घेऊन कॉलेजला जायचं म्हटलं, तर बायको एकदम आडवी आली. नाही म्हणजे नाही. मुलगी रडली, भांडली. "मम्मी, मी पहिल्या फटक्यात पास झालेय! मैदानावर तूच बघितलंस ना मला?"

"मैदानात होतं सगळं नीट. रस्त्यावर होत नाही. तुझे हात माझ्यावर गेलेत."

मुलगी दार आपटून आत गेली.

बायको मोरीजवळ बसून बोंबील साफ करायला लागली. मी दारात उभा राहिलो. "तुझे हात माझ्यावर गेलेत." स्वतःच्या हातांबद्दल ती असं मानत होती, आणि आता पोरीच्या हातांबद्दलही मानायला लागली होती. हे माझं काम. हे मी केलेलं.

मी म्हणालो, "तुझ्या हातांत काही दोष नव्हता. ब्रेक मी ढिला केला होता. अपघातानंतर मीच आवळला."

ती बोंबील साफ करत राहिली. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाली, "कधी आवळलास?"

"तुला रिक्षात घातलं तेव्हा."

"म्हणजे मी रिक्षात ओरडत होते, आणि तू खाली बसून नट फिरवत होतास."

"हो."

"आणि दादाने गाडी चालवून बघितली तेव्हा तू तिथे होतास."

"हो."

"आणि म्हातारी मला विचारायची, डोळे नव्हते काय गं."

मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने सुरीचा हात वर केला. मारायला नव्हे, गप्प बसवायला. "आता नको. आता तुझं काही ऐकायचं नाही मला. मी म्हणत होते, दाबला. मी म्हणत होते ना? मला माहीत होतं मी दाबला. मग मलाच वाटायला लागलं नसेल दाबला. तू माझ्याकडून माझंच काढून घेतलंस रे." ती उठली, हात धुतले, आत मुलीकडे गेली. तिचा आवाज ऐकू आला, "ऊठ. चावी घे. पुढचा ब्रेक आधी दाबून बघ, जागेवर. रोज बघायचा. कुणी सांगितलं नीट आहे तरी स्वतः बघायचा. मग जा."

मुलगी गाडी घेऊन गेली. बायको रस्ता वळेपर्यंत फाटकात उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाला सांग. आणि म्हातारीच्या घरी जाऊन सांग. मी येणार नाही. मी खूप वेळा गेलेय त्या दारात."

तिच्या भावाकडे मी गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खोटं तू केलंस आणि ते बोललो मी. माझ्या तोंडून माझ्या बहिणीला खोटी पाडलीस. चहा घे आणि नीघ." चहा घेतला नाही. निघालो.

घरात सध्या बोलणं कामापुरतं. बायको अजून दोन रिक्षा बदलून शाळेत जाते. पुन्हा गाडी शीक असं म्हणायचा हक्क मला नाही, मी म्हणत नाही. मुलीला सगळं कळलंय. ती मला पप्पा म्हणते, पण मागे बसायला बोलावलं तर नको म्हणते.

म्हातारीचा मुलगा रविवारी मिस्सेनंतर देवळाबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, भेटतो. पाऊसपाण्याचं विचारतो, केळीचा भाव सांगतो. दर रविवारी मी ठरवून जातो आणि केळीच्या भावावरून परत येतो. हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं असं नाही, हे मला कळतं. त्याच्या आईचं हाड माझ्यामुळे मोडलं, माझ्या बायकोमुळे नाही. हे त्याला त्याच्या दारात, तोंडाने सांगणं मी अजून देणं लागतो.